ब्याऐंशी टोले

नॉर्थ डकोटातली माळरानं बघून झाल्यावर आम्ही एका ओसाड गावातलं लाकडी चर्च बघायला गेलो. किल्ली गावात एकट्याच उरलेल्या आजीबाईंकडे होती. आत शिरताच ह्यांनी हौसेनं घंटेचा दोर ओढला. आजीबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"इथे माणूस गेलं, की त्याच्या वयाइतके टोले देतात," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही मेले हौशी लोक, माणसं संपली की गावाला प्रेक्षणीय म्हणतो आणि फोटो काढतो.

ह्यांनी दोर सोडला, तर तो आजीबाईंनीच परत त्यांच्या हातात दिला.

"माझे ब्याऐंशी आजच वाजवून टाका. नंतर कोण येणार?"

ह्यांनी मुकाट्यानं सुरुवात केली. एकही चुकू नये म्हणून आजीबाई स्वतः मोजत होत्या.