तोल जातो की हरवतो

बोलता बोलता तो उजव्या कानावर दोनदा टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "सर, आत भिंगरी हाय."

सिरसाळ्यात आमच्याच गल्लीत राहणारा हा वायरमन, विजेच्या एका ठेकेदाराकडे कामाला. असा एखादा वायरमन तुम्हीही पाहिला असेल. खांबावर चढता चढता खालच्या म्हातारीला सुनेची खुशाली विचारणारा. पण कानाचं दुखणं झालं आणि वर गेलं की खांबच फिरतोय असं त्याला वाटू लागलं. त्याला खालचं काम हवं होतं. बिलं वाटायचं, झाडायचं, काहीही.

डॉक्टरची चिठ्ठी जोडून त्यानं ठेकेदाराच्या पुण्याच्या ऑफिसला मराठीत दोन अर्ज केले. उत्तर नाही. "पुण्याचं हापीस इंग्रजीबिगर वाचतच न्हाई," म्हणत त्यानं तोल राहत नाही अशा अर्थानं स्वतःच वाक्य जुळवलं: 'माय बॅलन्स इज निल.' उत्तर झटपट आलं. तुमची रजा शिल्लक आहे, बॅलन्स निल नाही, कामावर हजर राहा.

मी हसून बेजार झालो. तोही हसला. मग म्हणाला, "हसा सर. उद्या वर मलाच जायचं हाय."

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याला नीट अर्ज लिहून दिला, 'आय लूज माय बॅलन्स', आणि अर्थ सांगितला: मी माझा तोल हरवतो.

तो खुर्चीतून उठलाच. "मी कावून हरवीन? तोल जातो, सर. त्यो आपसूक जातो. मी हरवला म्हणलं की चूक माझीच की!"

"अरे बाबा, इंग्रजीत असंच म्हणतात."

"मंग इंग्रजीत सगळी चूक पडणाऱ्याचीच व्हय?"

चक्कर येते असं लिहू, म्हटलं. "लिव्हा. पिऊन येतो म्हणत्याल."

मला रागच आला. भाषेशी असं कुणी भांडतं का? पण त्याचा चेहरा पाहिला आणि पेन बाजूला ठेवलं. चुकीच्या वाक्यानं त्याला खांबावर धाडलं होतं, आणि बरोबर वाक्य त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. सही न करताच कागद खिशात घालून तो गेला. "इचार करतो," म्हणाला.

त्याच आठवड्यात धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या खांबावरून तो पडला आणि गेला. गल्लीत अजूनही लाइट गेली की माणसं सवयीनं त्याच्या दाराकडे बघतात. मला ते बघवत नाही.

दहाव्यानंतर त्याची बायको ठेकेदाराचा कागद घेऊन आली. "सही मागत्यात. काय लिव्हलंय, सर?"

अपघाताचं कारण म्हणून एकच ओळ होती. 'ही लॉस्ट हिज बॅलन्स.' व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तिच्यासमोर 'हरवला' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"तोल गेला, असं लिहिलंय."

तिनं मान हलवली. "व्हय. त्यो आपसूक जातो, म्हणायचे." मग तिनं पेन उचललं. "करू का सही?"

"नको," मी म्हणालो. "त्यांनीही केली नव्हती."