दादा म्हणाला, पदवी पुरते

माझा थोरला भाऊ एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता, आणि त्याच कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. आई म्हणायची, एकाने नोट्स लिहाव्यात, दुसऱ्याने त्याच्या प्रती काढाव्यात, घरातलं काम घरातच राहिलं. पोरं दादाला 'मागणी-पुरवठा' म्हणायची. माणूस नाकासमोर चालणारा. पण एकदा मत ठरलं की ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही. मी दोनदा नापास होऊन शाळेला रामराम ठोकलेला. घरात तोंड उघडलं की दादा चष्म्यावरून बघायचा. "तू अक्कल पाजळू नकोस."

दादाची एकुलती एक मुलगी बारकी. नावाला बारकी, उंचीने माझ्या वर. तिला इन्व्हेस्टमेंट बँकेतच जायचं होतं. दोन कंपन्या एक होणार अशी बातमी आली की पेपर तिच्या हातून सुटायचा नाही. कोणी कोणाला कितीला घेतलं, ती किंमत ठरवली कोणी, हे ती माझ्या दुकानात स्टेपलर मारता मारता मला समजावून सांगायची. मला निम्मं कळायचं नाही, पण ती बोलत राहावी असं वाटायचं.

अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेचं पत्र आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने इंटर्नशिपला या. बारकी नाचतच घरी आली. दादाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. शेवटच्या वर्षाचा अभ्यास त्याच सुट्टीत सुरू करायचा, असं त्याने आधीच ठरवलं होतं.

"तू पहिली ये," तो म्हणाला. "अर्थशास्त्रात पहिल्या आलेल्या मुलीला कोण नाही म्हणेल? पदवी पुरते."

जो माणूस वर्षानुवर्षं वर्गात सांगत आला की एक गोष्ट निवडताना जी सोडतो तिचीही किंमत धरा, त्याने स्वतःच्या घरात ती धरली नाही. मला त्याचा आजही राग येतो. पण माझा स्वतःचा जास्त येतो.

कारण मला माहीत होतं. पोरं बायोडेटा छापायला माझ्याकडेच यायची, आणि त्या बँकांत ज्यांना नोकरी लागली ती मला आवर्जून सांगायला यायची. कोणाचे मार्क बरे, कोणाचे यथातथा. पण उन्हाळ्यात तिथे काम केल्याची ओळ प्रत्येकाच्या कागदावर असायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दादाने रस्ता ओलांडून मला विचारलं असतं तरी कळलं असतं. त्याने विचारलं नाही, मी मूग गिळून गप्प बसलो. आठवडाभराने बारकीने नकार कळवला.

ती पहिली आली. पदकही मिळालं. मग त्याच बँकेत मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या. त्यांनी एका कंपनीचे आकडे एक्सेलमध्ये दिले आणि चाळीस मिनिटांत कंपनीची किंमत काढायला सांगितली. बारकीने सिद्धांत छान मांडला, पण तक्ता अर्धाच राहिला. "हे आमची मुलं उन्हाळ्यात शिकतात," बाई म्हणाल्या, "आणि जागाही आम्ही त्यांच्यातूनच भरतो." पुढे आणखी तीन ठिकाणी तेच झालं. आता ती सांख्यिकी कार्यालयात महागाईचे तक्ते तपासते. नोकरी चांगली आहे. तिच्या मनातली नाही, एवढंच.

निवृत्त झाल्यापासून दादा दुपारचा माझ्या दुकानात येऊन बसतो. ऑफिस सुटलं की बारकी त्याला न्यायला येते. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा काउंटरपाशी एक विद्यार्थिनी बायोडेटा घेऊन उभी होती.

"सर, इन्व्हेस्टमेंट बँकेसाठी अर्थशास्त्राची पदवी पुरते का हो?"

दादाने चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"नाही पुरत," तो म्हणाला. "मी एकीला पुरते म्हणालो होतो. चुकलो."

आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने हे कबूल केलं. दारात उभ्या असलेल्या बारकीने डोळे पुसले आणि येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. त्या भरात मी त्या मुलीचा कागद हातात घेऊन बोलून गेलो, "ही उन्हाळ्याच्या कामाची ओळ एकदम वर घे. ते आधी तीच बघतात. वीस वर्षं बघतोय मी."

मुलगी खूश होऊन गेली. बारकी हलली नाही.

"काका, वीस वर्षं?"

मी मशीनचं झाकण उघडलं, परत लावलं.

"म्हणजे माझ्या वेळी तुला माहीत होतं."

"हो."

"बाबांना ठाऊक नव्हतं म्हणून ते चुकले. तू का नाही बोललास?"

दादापुढे मला कोण बोलू देतं, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच देत आलो होतो. पण नकार कळवायच्या आदल्या दिवशी बारकी दुकानात येऊन तासभर बसली होती. "काका, तुला काय वाटतं?" असंही तिने विचारलं होतं. तेव्हा दादा तिथे नव्हता. दुकानात आम्ही दोघंच होतो.