सांगते मग

फोनच्या पडद्यावर ती पोरगी पहिल्यांदा दिसली, त्या दिवसापासून ताईच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. पोरगी तशी साधीच. काळा सदरा, मागे घट्ट बांधलेले केस, आणि सतत हलणारे हात. त्या हातांकडे ताईचा धाकटा भाऊ असा काही बघत राहायचा, की ताईला वाटायचं, इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी बघितलंय का मेल्यानं असं?

धाकटा जन्मापासून बहिरा. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायचा, आणि तिथल्या धुळीनं आणि वासानं त्याला दमा जडला होता. ताई घरातच खिडकीपाशी मशीन टाकून लोकांचे कपडे उसवून, आवळून, आखूड करून द्यायची. आईवडील गेल्यावर घरात ही दोघंच उरली. दुकानदार, घरमालक, डॉक्टर, सगळ्यांशी त्याच्या वतीनं तीच बोलायची. गल्लीत तिला ‘धाकट्याचं तोंड’ म्हणत, आणि राग यायचं सोडून तिचा ऊर भरून यायचा.

आता हे तोंड चालायचं कसं, तेही सांगायला हवं. धाकटा कर्णबधिरांच्या शाळेत जाऊन तिथली खुणांची भाषा पक्की शिकला होता. ताई ती कधी शिकली नाही. “मी वाढवलंय त्याला. मला कशाला हवी शाळा?” तिच्याकडे घरच्या खुणा होत्या. भूक, पाणी, दुखतंय, ये, जा, गप्प बस. वेणी ओढल्यासारखं केलं की ताई. आणि हात खांद्यावरून मागे उडवला की ‘सांगते मग’. ही शेवटची खूण सगळ्यांत जास्त झिजलेली. दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ काहीबाही समजावत. धाकटा तिच्या दंडाला हात लावून विचारी, काय म्हणाले? ताई हात मागे उडवी. घरी आल्यावर दोन बोटं दाखवी, म्हणजे गोळ्या दोनदा. झालं भाषांतर.

मग दवाखान्यानं फोनवरून तपासणी सुरू केली. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या शेजारी एका चौकटीत दुभाषी बसायची. डॉक्टरांचं बोलणं ती हातांनी सांगायची, आणि धाकट्याचे हात बघून तोंडानं बोलायची. काउंटरवरची बाई कौतुकानं म्हणाली, “आता तुम्हाला धावपळ नको बघा, ताई. काम टाकून यायला लागायचं ना?”

“मी कधी तक्रार केली?” ताई म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिच्या कपाळावरची आठी मोडली नाही.

पहिल्या वेळी ती खुर्ची ओढून फोनच्या पुढ्यातच बसली. डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” असं विचारायचा अवकाश, ताई सुरू झाली, “त्याला ना डॉक्टर, परवापासून...”

“ताई, एक मिनिट,” डॉक्टर अदबीनं म्हणाले. “त्यांनाच सांगू द्या ना.”

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनाच! त्यांना तोंड असतं तर मी कशाला बसले असते इथे? पण धाकट्याचे हात तोवर भराभर चालायला लागले होते, आणि त्या हालचालींतली एक खूणही तिच्या ओळखीची नव्हती. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून ती परक्या गावातल्या पाहुणीसारखी नुसती बघत राहिली.

सुरुवातीला ती चौकट अंगठ्याएवढी होती. बोटं नीट दिसत नाहीत अशी धाकट्यानं तक्रार केली, आणि पुढच्या वेळी पोरगी पडदाभर झाली नि डॉक्टर कोपऱ्यात गेले. “बघा तरी!” ताई गल्लीतल्या लॉन्ड्रीवालीपाशी करवादली. “औषध देणारा कोपऱ्यात, आणि ही नवरीसारखी मधोमध!” त्यानंतर धाकटा फोन घेऊन आतल्या खोलीत बसायला लागला, दार लावून. कालची पोर, आणि तिच्यासाठी दार लावतो!

ताईचा एकच टेकू उरला होता. महिन्यातून एकदा डॉक्टर अजूनही समोर बोलवायचे, आणि तेव्हा धाकटा वेणी ओढल्याची खूण करून तिला सोबत न्यायचा. त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे काढायची, बसमध्ये खिडकी धरायची आणि वाटभर त्याच्याशी घरच्या खुणांनी बोलायची. लॉन्ड्रीवालीला तिनं ठणकावून सांगितलं, “शेवटी माझ्यावाचून अडतंच. पडद्यावरच्या बाहुलीला काय कळणार त्याच्यातलं?”

आणि एका दुपारी मशीनचा दोरा तुटला. घरघर थांबली, तसा आतल्या खोलीतून त्या पोरीचा आवाज स्पष्ट बाहेर आला. धाकट्याचं बोट लागून फोनचा आवाज वर गेला असणार. त्याला त्याचा पत्ता असायचं काही कारण नव्हतं.

“संध्याकाळी मला फार कोंडल्यासारखं होतं,” पोरगी म्हणत होती. “घरात मनातलं बोलायला कुणी नाही. तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं.”

ताईच्या हातातला दोरा तसाच राहिला. अस्सं! म्हणजे हे दुभाषीपण असं चाललंय तर. आजारी माणसापुढे स्वतःची रडगाणी गायची, गळ टाकायचा, आणि हा बावळट दार लावून ऐकतोय, म्हणजे बघतोय! ती तरातरा उठली. दाराच्या कडीला हात घातला. आता त्या भवानीला पडद्यातून बाहेर ओढते की नाही बघा.

“मी जिना चढलो की दमतो,” पोरगी म्हणाली. “पण आता पूर्वीइतका नाही दमत.”

चढलो? दमतो?

ताईचा हात कडीवर थिजला. आवाज बाईचा आणि बोलणं पुरुषाचं. क्षणभर तिला वाटलं, पोरीची जीभ घसरली. मग लख्ख कळलं. पोरगी स्वतःचं काही बोलतच नव्हती. तो बोलत होता. तो ‘मी’ म्हणाला, की ती ‘मी’ म्हणत होती.

ताईनं एवढ्या वर्षांत एकदाही ‘मी’ म्हटलं नव्हतं. त्याला दुखतंय. त्याला नको. तो हट्टी आहे हो, लक्ष देऊ नका त्याच्याकडे.

ती दाराला कान लावून उभी राहिली. तिला लाज वाटत होती, आणि तरी त्या पोरीचा हेवाही वाटत होता. भावाचा आवाज जगात कुणाला मिळावा, तर त्या उपटसुंभ पोरीला!

आतून डॉक्टर म्हणाले, “आता तब्येत छान आहे तुमची. महिन्याची ती फेरी बंद करू. फोनवर भागेल.”

मग पोरगी बोलली. “नको. ती फेरी राहू द्या. मागच्या वेळी विनंती केली होती ना, तशीच. मला गरज नाही, पण माझ्या ताईला आहे. ती त्या दिवशी चांगले कपडे घालते. तुम्ही बोलता तेव्हा मी विचारतो, काय म्हणाले? ती म्हणते, सांगते मग. ते मग कधी येत नाही. पण तेवढा दिवस तिला माझं तोंड होऊ द्या.”

ताई मशीनपाशी येऊन बसली. सुईत दोरा घालायला गेली, पण नेढं दिसेना.

धाकटा बाहेर आला तो हसतच. तिनं नेहमीसारखं हातानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? धाकट्यानं हात खांद्यावरून मागे उडवला. सांगतो मग. आणि वेणी ओढल्याची खूण करून सांगितलं, पुढच्या आठवड्यात दवाखाना, तू चल.

ताईनं नाही म्हणून मान हलवली. मशीनवरच्या कपड्यांच्या ढिगावर हात आपटला. वेळ नाही मला. धाकटा बावचळला, पुन्हा खूण करून बघितली, पण ती ढिगातून मान वर काढेना. त्या महिन्यात फेरी झाली नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

पुढच्या वेळी धाकटा फोन मांडून बसला, तेव्हा ताई न विचारता आत गेली. पडद्यावर ती पोरगी आलेलीच होती. ताईनं तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. हेवा काही गेला नव्हता, आणि जाणारही नव्हता. मग तिनं फोन उचलला, कडेचं बटण दाबून धरलं, आणि आवाज पार बंद होईपर्यंत सोडलं नाही.

काय केलंस? धाकट्यानं हातानं विचारलं.

ताईचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. अर्ध्यावर थांबला. तिनं तो खाली आणला, धाकट्याच्या छातीवर ठेवला, मग ओठांपाशी नेला, मग आपल्या कानाशी, आणि शेवटी दाराबाहेर बोट दाखवलं. एवढं लांबलचक वाक्य घरच्या खुणांत तिनं कधी केलं नव्हतं.

तुझा आवाज बाहेर ऐकू येतो.

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. ताई बाहेर गेली आणि तिनं आपल्या हातानं दार लावून घेतलं.