जिरेगूळ आणि फेटा

पौरोहित्य करताना माझी एक धारणा पक्की झाली आहे. मांडवात दोन प्रदेश भेटतात तेव्हा वाद देवांवरून होत नाही. ताटातल्या एखाद्या वस्तूवरून होतो.

गेल्या वैशाखात कळंब्याजवळच्या एका कार्यालयात मी लग्न लावीत होतो. मुलगा कागलच्या शेतकरी घरातला, मुलगी चिकोडीकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरातली. तिची आई लवकर गेलेली. आजीनेच तिला वाढवले होते. अंतरपाट धरला गेला आणि आजी पुढे आल्या. त्यांच्या मुठीत जिरे आणि गूळ होता. त्यांच्याकडे अंतरपाट सरताच वधूवर एकमेकांच्या मस्तकावर जिरेगूळ ठेवतात. त्यावाचून लग्न लागले असे मानीत नाहीत. "हे झाले नाही तर मी अक्षता टाकणार नाही," असे त्यांनी मला कन्नडात सांगितले. पाठशाळेतले माझे बरेच सहाध्यायी कर्नाटकातले होते, त्यामुळे ती भाषा मला येते. आजींचे म्हणणे मी सर्वांना मराठीत सांगितले.

पण मस्तकावर ठेवायचे तर मुलाचा फेटा उतरवावा लागणार होता. त्याचे मामा उसळले.

"गुरुजी, भर मांडवात नवरदेवाचा फेटा उतरायचा? आमच्यात न्हाय असलं काय!"

"मग फेट्यावर गूळ चिकटवायचा व्हय?" मुलाची आत्या म्हणाली. "मुंग्या लागतील की, पावणं!"

मांडव हसला. मामा हसले नाहीत. "अक्का, तुमी गप ऱ्हावा."

"अक्का म्हणताय न्हवं? त्यो शब्द बी त्यांच्याकडचाच हाय. त्यो चालतोय, आन् गूळ चालंना?"

अंतरपाटाच्या पलीकडे मुलीने हातातला हार मैत्रिणीकडे दिला होता. आजींच्या अक्षतांवाचून ती तो घालणार नव्हती, हे तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते.

मला संभ्रम नव्हता. विवाहात त्या त्या प्रदेशाचा आणि गावाचा आचार पाळावा, असे शास्त्रकारांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. गावे दोन असतील तर आचारही दोन्हींचे. मी मामांना म्हणालो, "फेटा खाली ठेवायचाच नाही. तो तुम्ही ओंजळीत धरा. लग्न लागेपर्यंत त्याचा मान तुमच्या हाती."

"माझ्या हातात?"

"दुसऱ्या कुणाच्या हातात शोभेल?"

मामा घुटमळले. मग भाच्याजवळ जाऊन त्यांनी मुंडावळ्यांसकट फेटा अलगद उचलला आणि उत्सवमूर्ती धरावी तसा छातीशी धरला. मी मंगलाष्टके म्हटली. अंतरपाट सरला. आजींच्या मुठीतल्या उबेने गूळ मऊ झाला होता. तो दोघांच्याही केसांना घट्ट चिकटला. त्याच क्षणी आजींनी ओंजळभर अक्षता उधळल्या. मुलीने हार परत घेतला आणि मुलाच्या गळ्यात घातला.

मामांनी फेटा भाच्याच्या डोक्यावर पुन्हा बसवला, जरासा दाबून पाहिला आणि ते म्हणाले, "आता गुळानं धरलंय. वरातीत कितीबी नाचू दे, हलत न्हाय!"

आजींनी मला खुणेने विचारले, काय म्हणाले? मी कन्नडात सांगितले, आणि त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.