दोन फटके

चौदाव्या वर्षी पुण्याच्या शाळेतून उचलून मला लीड्सच्या सरकारी शाळेत टाकलं. पहिल्याच पेरेंट्स ईव्हनिंगला बाबा ऑफिसातून थेट आले. मॅथ्सच्या मिस म्हणाल्या, मी वर्गात फार बडबडते. बाबा पुण्यातल्या बाईंना दरवर्षी जे सांगायचे तेच त्यांनी इथेही सांगितलं, फक्त इंग्रजीत. "ऐकलं नाही तर द्या दोन फटके. आमची फुल परमिशन आहे!" आणि मोकळेपणाने हसले.

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच, की पोरगी तुमच्या हवाली केली, आम्ही निर्धास्त आहोत. मिस हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला वर्गातून बोलावलं. रिसेप्शनमागे एक छोटीशी खोली होती, खिडकीला धुरकट काच. समोरच्या बाई, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या, भयंकर प्रेमळ होत्या. घरी सेफ वाटतं का? बाबा कधी मारतात का? मी नाही म्हटलं, तर "टेक युअर टाइम" म्हणाल्या. म्हणजे हे उत्तर चालणार नव्हतं.

बाबांनी मला कधीच मारलं नव्हतं. पण जाता-येता डोक्यात टपली मारायची त्यांना सवय होती. लाड करायची त्यांची तेवढीच रीत. आता ते या बाईंना कसं सांगणार? "ही हिट्स मी ऑन द हेड, बट लव्हिंगली"? मी टपली गिळून टाकली आणि पुन्हा नाही म्हटलं. खरं बोलूनही चोरासारखी बसले होते. मला रडू आलं, तर त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि मान डोलावली. असा संताप आला होता!

त्यानंतर दर आठवड्याला तीच खोली. घरी आई रोज बजावायची, "नीट विचार करून बोल गं. एक शब्द चुकला तर घेऊन जातील तुला." मग एक दिवस कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या बालसुरक्षा खात्याच्या, बाई घरी आल्या. त्यांनी माझी खोली पाहिली, फ्रिज उघडून पाहिला. मॅच बघताना बिल्डिंग दणाणून सोडणारे माझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चहाचा ट्रे धरून, इंटरव्ह्यूला आल्यासारखे हळू आवाजात उत्तरं देत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी फोन आला, काळजीचं कारण नाही. आईने शिरा केला. मला वाटलं, सुटलो.

जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या, निकालाच्या दिवशी बाबा सुट्टी काढून आले होते. शाळेच्या हॉलमध्ये पाकीट उघडलं आणि मी धावत त्यांच्याकडे गेले. मॅथ्समध्ये नऊ, सगळ्यात वरची ग्रेड! टपलीसाठी मी डोकं पुढे केलं. बाबांचा हात वर आलासुद्धा. तेवढ्यात त्यांना माझ्यामागे मिस दिसल्या.

हात खाली गेला.

"वेल डन," बाबा मला इंग्रजीत म्हणाले.