काका आणि परक्याचं दगडी घर

परक्याच्या घरावर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा सापडायचा नाही! आमचे पार्सिपनीतले शेजारी काका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. गावाबाहेर एक जुनं इंग्लिश दगडी घर आहे. कुण्या हौशी श्रीमंतानं ते इंग्लंडात एकेक दगड सुटा करून, बोटीनं आणून इथं पुन्हा उभारलं. आता ते म्युझियम आहे आणि काका तिथे दर शनिवारी फुकटचे गाईड. आमच्याकडे भारतातून कोणीही येवो, जेट लॅग उतरायच्या आत काका त्याला तिकडे नेणार. "हाताने बघ, हाताने!" म्हणत भिंतीला तळवा टेकायला लावणार. चुना श्वास घेतो, सिमेंट भिंतीचा गळा दाबतं, हे ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नाही. दार इतकं बुटकं, की माझ्या सासऱ्यांच्या कपाळाला चांगलं टेंगूळ आलं. काका खूश! "बघा, दारावरचा दगड कसा अस्सल आहे!" स्वतःच्या घराला मात्र ते खोकं म्हणतात.

गेल्या दिवाळीत घोळ झाला. तिथल्या फायरप्लेसशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. सणाचा दिवस आणि कोनाडा रिकामा! काकांना राहवेना. त्यांनी तिथे चक्क तेलाची पणती लावली. अलार्म कोकलला, आगीचे बंब आले आणि म्युझियमच्या कमिटीने काकांचे शनिवार कॅन्सल केले.

मग काका घरातच. कशाबद्दल तक्रार नाही, की वाद नाही. काकू घाबरल्याच. "अरे, भांडतसुद्धा नाहीत रे! त्या कमिटीच्या मुख्य बाईंकडे घेऊन जा ह्यांना."

मी ड्राइव्ह करून नेलं. काका तिथे कोनाड्याचा इतिहास काढून बाईंना गार करणार, अशी मला धास्ती. चूक कबूल करतील ते काका कसले! पण खुर्चीत बसताक्षणीच ते म्हणाले, "सॉरी. माझं चुकलं." मग हळूच म्हणाले, "मी जन्मभर मॉल बांधले. सगळे पाडले गेले. माझी म्हणावी अशी एक भिंत उभी नाही. ही माझी नाही, ठाऊक आहे. पण हिला तरी सांभाळू द्या."

"शनिवारी या," बाई म्हणाल्या, "काडेपेटी घरी ठेवून."

घरी येऊन मी काकूंना सगळं सांगितलं. "सॉरी म्हणाले? मला जन्मात म्हणाले नाहीत!" त्या हसत सुटल्या. मग एकदम खुर्चीत बसल्या.

"शेवटचा मॉल पाडला ना, त्या दिवशी हे गुपचूप जेवून झोपले होते रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांना काही वाटलंच नाही."