पाण्याची हाळी

आमचे शेजारी मल्हारराव यांच्यापाशी चाळीसेक मेंढरं होती आणि एक नियम होता. हात ओला झाल्याशिवाय पाण्याची हाळी द्यायची नाही. आधी पाण्यात हात बुडवायचा, मग लांबलचक "हुर्रऽ येऽ ये". "मुक्या जीवाशी खोटं बोलायचं नाय," म्हणायचे. माणसांशी मात्र बिनदिक्कत बोलत. माझी कुऱ्हाड आपण नेलीच नाही, असं मला दोन वर्षं सांगत होते आणि तिच्यानंच बाभळी तोडत होते.

त्यांचा मुलगा बिभीषण चितेगावच्या कारखान्यात लागला आणि शहरातल्या औरंगपुऱ्यातून काडेपेटीएवढा एमपीथ्री घेऊन आला. खिशात मावणारी डबी, तिच्यात शेकड्यांनी गाणी. जोडीला एक स्पीकर, त्याचा आवाज पार बांधापलीकडं जायचा. डबीत आवाज भरून ठेवायची सोयही होती. बिभीषणनं गमतीनं बापाची हाळी भरून घेतली. तेव्हासुद्धा म्हाताऱ्यानं आधी हौदात हात बुडवला. डबीची खोड एकच. तिला गाण्याचं नाव दाखवणारी काच नव्हती, नुसती बटणं. एक गाणं संपलं की पुढं मनाला येईल ते वाजवायची.

त्या हिवाळ्यात मल्हाररावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बिभीषणला रजा मिळेना, मेंढरं सून सत्यशीलाच्या गळ्यात पडली आणि ती तिला जुमानीनात. शेवटी तिनं डबी लावली. हाळी ऐकताच सगळा कळप माना वर करून धावत आला. गाव हरखलं. "म्हातारा अजून बोलतोय की!" मला मात्र संताप यायचा. हौदाशेजारी बाजेवर पडलेला माणूस स्वतःचाच आवाज ऐकून भिंतीकडं तोंड फिरवायचा, ते कुणाला दिसत नव्हतं.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. तळं आटलं. सरकारी चारा-छावणी गायीबैलांची, मेंढरांना तिथं कोण घेतंय? पाणी टँकरचं, आणि शहराच्या अंगाला नव्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यामुळं टँकर आधी तिकडं जायचे. आमच्या हौदात कधी पडायचं, कधी नाही.

एका दुपारी सत्यशीला बाभळीखाली गाणी ऐकत बसली होती. तेवढाच तिचा विसावा. गाणं संपलं आणि डबीनं आपणहून हाळी दिली. ती बटण दाबेपर्यंत कळप घराकडं सुटला होता. मेंढरं हौदावर तुटून पडली, कोरडं सिमेंट चाटू लागली, मग एकेक करून बाजेवरच्या माणसाकडं बघत उभी राहिली. मल्हाररावांना नाही म्हणता येईना. तोंडातून नुसती लाळ गळत होती. मी कुंपणावरून बघत होतो. मला तिथं उभं राहवलं नाही.

चार दिवसांनी टँकर आला. सत्यशीलानं डबी लावली. एकही मेंढरू हललं नाही. तिनं पुन्हा लावली, आवाज मोठा केला. हौद भरलेला, आणि तहानलेला कळप दूर झाडाखाली ढिम्म उभा.

"मामा, आता काय करू वो?" म्हणत ती सासऱ्याच्या बाजेपाशी बसून रडायला लागली.

मल्हाररावांनी डाव्या हातानं हौद दाखवला. मी कुंपण ओलांडून गेलो, सत्यशीलानं आणि मी बाज हौदाला लावली. त्यांनी हात पाण्यात कोपरापर्यंत घातला आणि तसाच निथळता बाहेर धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग भुरी नावाची म्हातारी मेंढी चालत आली, हात हुंगला, चाटला आणि हौदात तोंड घातलं. तिच्यामागं सगळी आली.

मग त्यांनी सत्यशीलाकडं हात पसरला. तिनं डबी दिली. ती त्यांनी हौदात सोडली.

संध्याकाळी कामावरून आलेला बिभीषण पोरासारखा रडला. "आबा, तुमचा आवाज होता वो त्यात!" म्हातारा पाणी पिणाऱ्या मेंढरांकडं बघत राहिला.

त्यानंतर मेंढरं त्या हाताला ओळखू लागली. रोज बाजेपाशी येऊन उभी राहतात. हौद कोरडा असला त्या दिवशी मल्हारराव सकाळपासूनच हात गोधडीखाली दडवून पडतात.